ताळा बाकी

सर,

तुमच्या स्वयंपाकघरातला तो कॉम्प्युटर आधी आठवतो. दुसरीकडं प्लग नव्हता, म्हणून पिठाच्या डब्याशेजारी त्याला जागा मिळाली होती आणि काकू त्यावर जुनं पातळ झाकायच्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. आमच्याकडं सगळ्यांजवळ गणिताच्या एका महागड्या सॉफ्टवेअरची चोरलेली कॉपी असायची, तीच तुमच्यासाठी घेऊन आले. तुम्ही सीडी हातातसुद्धा घेतली नाहीत. "कॉपी करून पास झालेल्याची पाठ मी कधी थोपटली न्हाय," म्हणालात. मला असा राग आला होता! तरी पुढच्या रविवारी एका मासिकाबरोबर आलेली दुसरी सीडी घेऊन मी तुमच्या दारात हजर.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय आणि आत काय लिहिलंय ते कुणीही वाचू शकतं, असं सांगितल्यावर तुम्ही चष्मा पुसलात. "म्हंजे रीत दाखवतंय की. मग मार्क द्यायचं त्येला." गारगोटीच्या शाळेत नुसत्या उत्तराला तुम्ही आम्हाला भोपळा देत होतात. रीत हवी, खाली ताळा हवा, तरच वहीवर सही. आता तीच शिस्त यंत्राला लागली. तुम्ही गणित घालताय, ते उत्तर देतंय, तुम्ही पाठकोऱ्या कागदावर ताळा करताय, आणि चहा गार होतोय म्हणून काकू ओरडताहेत.

एके दिवशी ते चुकलं. एका वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ विचारलं होतंत, त्यानं शून्य सांगितलं. "अख्खी रेघ अक्षाच्या वर हाय आन् क्षेत्रफळ शून्य? कळंब्याचं तळं काठोकाठ भरलंय आन् ह्यो म्हणतोय पाणीच न्हाय!" तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. चूक सापडली तर कळवा, असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या सूचनांत होतंच. तुम्ही दोन फुलस्केप कागद मराठीत लिहिलेत, एक्सच्या जागी क्ष, वायच्या जागी य, शेवटी ताळा. "विंग्रजी तू कर पोरी, आन् धाड."

मी धाडलं नाही. परीक्षा तोंडावर होती, पण कारण ते नव्हतं. मला लाज वाटली. क्ष आणि य लिहिणाऱ्या निवृत्त मास्तरांचं तिकडं कोण ऐकणार? तुम्ही मात्र दर रविवारी विचारायचात, "आलं का उत्तर?" शेवटी मी सायबर कॅफेत बसून त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या नावानं चार ओळींचं इंग्रजी आभारपत्र स्वतःच टाईप केलं आणि छापून आणलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत. काकूंनी देवापुढं साखर ठेवली. "आभार ऱ्हाऊ देत," तुम्ही म्हणालात, "चूक कवा दुरुस्त करणार?" पुढच्या सीडीत, असं मी सांगून टाकलं. मग तुम्ही पुढच्या सीडीची वाट बघत राहिलात. शेवटच्या दिवसांत दवाखान्यातही विचारलंत.

परवा काकूंनी ट्रंक आवरताना सापडलेलं ते पत्र माझ्या हातात दिलं. खाली तुमच्या लाल शाईत लिहिलंय, 'ताळा बाकी'. तुम्हाला कळलं होतं की काय, हे आता कुणाला विचारू?

घरी येऊन मी नवी आवृत्ती उतरवली आणि तेच गणित घातलं. उत्तर बरोबर आलं. मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी ती चूक कळवली होती. हे पत्रही कुठं धाडायचं नाहीच, ती माझी जुनी खोड. पण एक सांगते. चुका कळवणाऱ्यांची यादी त्या नव्या आवृत्तीबरोबर दिली आहे. तुमचे कागद माझ्याच कपाटात पडून आहेत हे माहीत असूनही मी ती खालपर्यंत वाचली, तुमचं नाव शोधत.