पाखऱ्याला धुऊ नका

नारायण पेठ, पुणे
३ जानेवारी २०२५

तीर्थरूप काका-काकूंना ऋतुजाचा नमस्कार.

मोबाइलवरचा निरोप तुम्ही वाचत नाही, म्हणून पत्र. काका, मला बैल मिळाला! आमच्या अ‍ॅनिमेशनच्या चित्रपटात एक बैल आहे, त्याच्या अंगावर केस उगवायचं काम माझ्याकडे आलंय. लाखो केस लावले, तरी तो दिसतो मातीच्या बैलासारखा. आमचे श्रीनिवाससर म्हणाले, छान आहे, शोकेसमध्ये ठेवा. महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही तर बैल दुसऱ्या कुणाला देणार. समर्थदादाला आपल्या पाखऱ्या बैलाचे जवळून फोटो काढायला सांगाल?

तुमची लाडकी,
ऋतुजा

लोणी काळभोर
९ जानेवारी

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले असतील. पाखऱ्याला दोनदा धुतला, अंगाला तेल चोळलं, शिंगं रंगवली. पुण्याला जायचे फोटो, तसाच कसा उभा करू? तुझी काकू म्हणते, लग्नात मलासुद्धा एवढं नटवलं नव्हतं.

तुझा,
संपतकाका

पुणे, १३ जानेवारी

ती. काकांस सा. नमस्कार.

फोटो पाहून सगळं ऑफिस खूश, मी सोडून! तेलानं केस चापून बसलेत हो. मला जुवानं झिजलेले केस हवेत, धूळ हवी, मांडीवरचं वाळलेलं शेण हवं. हात जोडते, आठ दिवस पाखऱ्याला धुऊ नका. लोक नावं ठेवतील, ठेवू देत.

ऋतुजा

पुणे, १ फेब्रुवारी

ती. काका-काकूंना नमस्कार.

जमलं! काका, जमलं! तुमचे मळके फोटो समोर ठेवून खांद्यावरचे केस झिजवले, पोटाखालचे चिखलानं चिकटवले. सर म्हणाले, बैल तुझाच. मला तर रडूच आलं. तो बैल समर्थदादाच्या मोबाइलवर पाठवलाय. पण तुम्ही बघून सांगेपर्यंत मला पास झाल्यासारखं वाटणार नाही. लवकर कळवा.

ऋतुजा

लोणी काळभोर
६ फेब्रुवारी

चि. ऋतुजास आशीर्वाद.

तुझा बैल आधी काकूला दाखवला, कुणाचा ते सांगितलं नाही. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि माझ्यावरच उखडली. सकाळीच स्वच्छ धुतलेलं जनावर पुन्हा असं कुठं लोळवून आणलंत, म्हणाली. बादली उचलून तरातरा गोठ्याकडे निघाली.

मी मुद्दाम अडवलं नाही.

आनंदात राहा, आम्हाला आठवत राहा.

तुझा,
संपतकाका