टोकावरचे पन्नास किलो

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

जिममधून आले ती थेट वही उघडली.

बेंच प्रेसचा (बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलायचं) तक्ता काल तीनदा खोडून लिहिला. पिरॅमिडच ठेवला, म्हणजे दर सेटला वजन चढवायचं आणि उचलायच्या वेळा कमी करायच्या. तीस किलो बारा वेळा, चाळीस आठ, पंचेचाळीस चार आणि टोकाला पन्नास, एकदाच. ते पन्नास महिनाभर छातीवरच अडकत होते, आणि रविवारी वजन उचलायच्या स्पर्धेची निवड चाचणी.

आज आबा पहिल्यांदाच जिममध्ये आले. त्यांचं आयुष्य तालमीत गेलं. पाठ लागली की पैलवान हरला, एवढंच ठाऊक. मी बेंचवर आडवी झाले तर सवयीनं ओरडले, "पोरी, पाठ टेकवू नगंस!" सगळे हसले. मी म्हटलं, "आबा, हितं पाठ टेकवल्याबिगर जोरच लागत न्हाय." त्यांना पटलं नसावं.

पंचेचाळीसपर्यंत झकास. पन्नास खाली आले आणि अडकलेच. माझी पाठ आपोआप उचलली जात होती. त्यांचंच रक्त, दुसरं काय! तेवढ्यात डोक्याशी आबांचा आवाज, "टेकव पाठ! टेकव की गं!"

टेकवली. गेले पन्नास वर!

घरी आबा चप्पल न काढताच आईला सांगत होते, "पोरीनं पाठ टेकवून कुस्ती मारली!"