सतरा नंबरची बाटली

११ नोव्हेंबर
नऊ दिवस वही उघडली नाही. लिहिलं की खरं होतं, म्हणून टाळलं. तर लिहून टाकतो: चूक माझी आहे.

देवपूरला हेमांगीताईंच्या प्रयोगशाळेत मी फळमाश्या सांभाळतो. केळ्याचा लगदा शिजवायचा, बाटल्या भरायच्या, माश्या मोजायच्या. सतरा नंबरच्या माद्या जन्मल्यावर आठ तासांत वेगळ्या काढायच्या होत्या – नराशी गाठ पडायच्या आत. मी पांझरेच्या पुलावर एक जण घोडा विकत होता ते बघत थांबलो. आलो तेव्हा अकरा तास झालेले. तशाच माद्या पुढच्या बाटलीत घातल्या. गप्प बसलो. ताईंचं दोन वर्षांचं काम!

१४ नोव्हेंबर
आज त्या माद्यांच्या पिलांची मोजणी. निम्मे नर पांढऱ्या डोळ्यांचे निघायला हवेत. नरांत लाल ९४. पांढरे ३. परत मोजले. ३! माझाच घोळ म्हणून सगळं कबूल केलं.

ताई आधी चिडल्या. मग म्हणाल्या, "घोडा घेतलास का तरी?"

मग समजावलं. गुणसूत्र म्हणजे दोरा समज. डोळ्यांच्या रंगाचा दोरा नराला फक्त आईकडून मिळतो, बाप कोणीही असो. म्हणजे माझ्या चुकीने ही मोजणी बिघडलीच नाही! त्या दोऱ्यावर पांढऱ्या रंगाला चिकटून एक जीवघेणा दोष बसलाय. मागच्या कुठल्यातरी पिढीत दोऱ्याची नक्कल उतरताना चुकली. आईकडे दुसरा चांगला दोरा असतो, म्हणून ती धडधाकट. मुलींना बापाकडून चांगला मिळतो. मुलाकडे एकच. तो मरतो.

"मग हे तीन?"

"आईच्या पोटात अंडं घडताना दोन्ही दोऱ्यांनी तुकडे बदलले. रंग इकडे आला, दोष तिकडे राहिला. म्हणून वाचले."

पुढचं मी ऐकलंच नाही. आई धडधाकट. मुलं मरतात.

१५ नोव्हेंबर
माझ्याआधी आईला दोन मुलगे झाले. दोघंही वर्षाच्या आत गेले. म्हणून, मी तरी टिकावं यासाठी, मला जन्मल्याबरोबर सुपात घालून उंबऱ्यावरून लोटलं. नाव लोटन. माझ्या पाठीवर दिपमाला. आजी मरेपर्यंत आईला 'पोरं खाणारी' म्हणायची. आम्ही ते ऐकत जेवायचो!

मी कसा वाचलो?

आणि दिपमालाला चौथा महिना आहे.

१६ नोव्हेंबर
ताईंना सांगितलं. म्हणाल्या, माशीवरून माणूस ठरवू नकोस, लहान मुलं शंभर कारणांनी जातात. पण तपासणी होते, दोघींना डॉक्टरांकडे ने. बाटल्या फडताळात ठेवताना एवढंच बोलल्या –

"आणि लोटन, असला दोष निघाला तरी तो आईचा गुन्हा नसतो."

१७ नोव्हेंबर
आईला फोन केला. बाटली, माश्या, दोरे, मुलगे – एका दमात. भाऊ कशाने गेले ते विचारलं. तिने फोन ठेवून दिला.

१८ नोव्हेंबर
आईच्या गावाकडची अमळनेरची बस दोनदा सोडली. तिसरी लागायच्या आत चहा प्यायला गेलो. तीही गेली.

१९ नोव्हेंबर
प्रयोगशाळेच्या दारात आई! आजवर कधी आपणहून तालुक्यालाही न गेलेली. मागे दिपमाला, घाबरलेली. आईने चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला. माझ्याकडे न बघता फडताळाकडे बघत म्हणाली, "माले बी दखाड ती बाटली."