समोरचं घर

५ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, तिकडची खुशाली कळवावी. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना उतरताना कठडा धरा. तुमच्यावर रागावून तरातरा उतरायचं वय आता राहिलं नाही.

हे फोनवर बोललो असतो. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हं हं करतो. कागदावर निदान माझं म्हणणं शेवटापर्यंत नेता येतं.

धाकटीला परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. (बायको माझी, पण तुम्ही सगळे तिला धाकटी म्हणता म्हणून मलाही तीच सवय लागली.) नजर कडेकडेनं विझत येतेय. मधे जेवढं दिसतं तेही फार तर वर्षअखेरपर्यंत टिकेल, आणि यावर औषध नाही. हे सांगताना डॉक्टर पेनाचं टोपण काढत-घालत बसले होते. ही मात्र शांत. बाहेर आल्यावर म्हणाली, की हात शिकलेले आहेत, मशीनवर शिवण मी मिटल्या डोळ्यांनीही घालीन. पायांचं तेवढं बघा. मालकांनी जागा सोडायला सांगितलीच आहे, तर मला दिसतंय तोवर नवं घर बघा. एकदा घर डोळ्यांनी पाठ केलं की पुढे डोळ्यांवाचून निभावेन.

म्हणून घर घ्यायचं ठरवलं आहे. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई घरं दाखवण्याचं काम करतात. फी त्या आमच्याकडून घेणार, विकणाऱ्याकडून काही घेणार नाहीत, आणि तसं लिहून देणार. म्हणाल्या, दोन्हीकडून घेतलं की आपण नेमक्या कोणाच्या, हे माझं मलाच कळेनासं होतं. त्यांनी धाकटीला खोलीतून चालायला लावलं आणि भिंत शोधायला तिचा कुठला हात आधी जातो ते बघत राहिल्या. शिवाय त्यांचा एक हट्ट आहे: कागदावर ज्या दाराचा नंबर, त्या दारातून स्वतः आत जाऊन आल्याशिवाय सही करायची नाही. मला जरा हसू आलं. दुसऱ्याच दारातून कोण कशाला जाईल?

मला त्या पटल्या. पण तुम्हाला विचारल्याशिवाय शब्द दिलेला नाही.

वहिनींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपला,
धाकटा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून धाकटीबद्दल फार वाईट वाटलं. तुझी वहिनी दिवसभर जेवली नाही आणि त्याचा राग माझ्यावर निघाला, तो एक वेगळाच.

आता तुझ्या त्या मास्तरणीबद्दल. चालून दाखवा, हात दाखवा, ही काय घर दाखवायची रीत झाली? आणि दारं उघडून दाखवण्याचे पैसे आपण का द्यायचे? तू जन्मभर शाळेच्या कचेरीत दाखले लिहीत बसलास, तुला बाहेरच्या जगात कोणीही गुंडाळतं.

आपले काका आहेत ना. माझ्याच ऑफिसातले, निवृत्त झाल्यापासून हेच काम करतात. तुझ्याकडून छदाम घेणार नाहीत. त्यांची दलाली विकणारा देतो, म्हणजे आपल्याला सगळं फुकटात. मी त्यांना सगळं सांगून ठेवलंय, धाकटीच्या डोळ्यांचंही, म्हणजे ते मनावर घेऊन काम करतील. आपल्या माणसापासून काय लपवायचं?

बाबा गेल्यानंतर घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे मला कागदावर लिहायला लावू नकोस. मास्तरणीला नमस्कार सांग आणि मोकळा हो.

धाकटीला आशीर्वाद. मन घट्ट ठेवा.

तुझा,
दादा

२० मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. बाईंना नाही म्हणून आलो. त्या रागावल्या नाहीत. नंबराचं तेवढं लक्षात ठेवा, असं पुन्हा एकदा म्हणाल्या आणि त्यांनी समोरची वही मिटली.

काकांनी घर दाखवलं. पहिला मजला, जिना रुंद, वर समोरासमोर दोन दारं. भिंतींना नुकताच रंग दिलेला, त्यामुळे नंबराच्या पाट्या काढून ठेवल्या होत्या. नंबर विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं. पण काका हसतमुखानं दार धरून उभे होते, आणि ते तुमचे. तुमच्या माणसावर शंका घ्यायची म्हणजे तुमच्यावरच घ्यायची, असं वाटून गप्प बसलो.

धाकटीला घर फार आवडलं. आत शिरताच डाव्या हाताला स्वयंपाकघर, त्याला मोठी खिडकी, उजवीकडे निजायची खोली, तिच्या कोपऱ्यात मशीनला जागा. ती आधी डोळे उघडे ठेवून फिरली, मग मिटून, मग पुन्हा उघडून. खिडकीची कडी चार-पाच वेळा लावली-काढली. काका घड्याळ बघत होते, पण तिनं त्यांना दाराशीच उभं ठेवलं.

आता गंमत ऐका. इथल्या गच्चीवर तिनं शिवणाच्या खडूनं ते सगळं घर आखलंय. सकाळी मी देवाचं नाव घेत डोळे मिटून बसतो आणि ती वर डोळे मिटून घरभर फिरते. मालकांच्या सूनबाईंनी विचारलं, की हा काय खेळ? ही म्हणाली, की आत या, पण चप्पल बाहेर काढून या. दादा, कितीतरी दिवसांनी हसली.

फक्त विकणारा अडून बसलाय. किंमत वाढवून मागतो आणि भाडेकरू हलला की बघू म्हणतो. आपल्याला घाई आहे हे त्याला कुठून कळलं, कोण जाणे. रिकामं घर आम्ही पाहिलं, मग भाडेकरू कुठला, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, त्याचं सामान तेवढं अडकलंय. वाढीव किमतीला होकार द्यावा का, तेवढं कळवा.

लोभाची सावली डोक्यावर असू द्या.

आपला,
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

होकार दे. घासाघीस करण्यात वेळ घालवशील आणि तिकडे तिची नजर जाईल. नसत्या शंका काढायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. काका बघतायत ना सगळं! सही कर.

तुझा,
दादा

२ नोव्हेंबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

घराचा ताबा परवा मिळाला. भाडेकरू उठेपर्यंत सगळा पावसाळा गेला. धाकटीची नजर सप्टेंबरातच गेली, हे तुम्हाला कळवलंच होतं. पण ती खचली नव्हती. गच्चीवरचा खडू पावसानं पुसून गेला तरी ती त्याच जागी न अडखळता फिरत होती. परवा सकाळी तिनं नवी साडी नेसली आणि मला बजावलं, की हात धरायचा नाही, मी पुढे, तुम्ही मागे.

जिना चढलो. काकांनी किल्ली लावली ती आम्ही पाहिलेल्या घराच्या समोरच्या दाराला. मला वाटलं, म्हातारपणी माणूस चुकतो. पण दार उघडलं. मी काही बोलायच्या आत ती आत शिरली आणि डावीकडे वळली. दादा, तिथं भिंत होती.

घर तेच आहे. तेवढ्याच खोल्या, तशीच खिडकी, तोच ओटा. फक्त आरशातल्यासारखं उलटं. डावीकडचं सगळं उजवीकडे. काका म्हणाले, क्षेत्रफळात इंचाचाही फरक नाही, मोजून घ्या.

कपाळाला टेंगूळ आलंय. तिनं विचारलं, की आपण कुठे आलोय? मी म्हटलं, घरी. मग ती कितीतरी वेळ भिंतीवर हात ठेवून उभी राहिली, शाळेत फळ्यापुढे उत्तर न येणारं मूल उभं राहतं तशी.

दिसत होतं तेव्हा तिनं ते समोरचं घर पाठ केलं. आता हे पाठ करायला डोळे नाहीत, आणि पाय सांगितलेलं ऐकत नाहीत. ते आधीचं विसरायला तयार नाहीत.

तुम्ही काकांना विचारा. मी विचारलं की ते तुमची खुशाली सांगतात.

आपला,
धाकटा

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मन उदास झालं. पण राग काकांवर काढू नकोस. त्यांनी लपवाछपवी केलेली नाही. भाडेकरू दार उघडत नव्हता, म्हणून समोरचं रिकामं घर दाखवू का, आराखडा एकच आहे, असं त्यांनी तेव्हाच मला फोन करून विचारलं होतं. मी म्हटलं, दाखवा, पण धाकट्याला सांगू नका, तो फाटे फोडत बसेल. तुझा वेळ वाचावा म्हणूनच म्हटलं. डावं-उजवं एवढं मोठं होईल असं कोणाला वाटेल? तूच सांग.

काकांना मी झापलं. भला माणूस, लगेच उपाय सुचवला. समोरच्यांशी बोलून घरांची अदलाबदल करून देतो म्हणतात, आणि दोन्हीकडून निम्मीच दलाली घेणार.

बाकी देवाची मर्जी. तू तर इतका देवभक्त, तुला मी काय सांगावं. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं घर बघायला येतो.

तुझा,
दादा

ता. क. भावजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही चार अक्षरं मी घालते आहे. यांचा गावाबाहेरचा प्लॉट पडून होता, कोणी घेत नव्हतं. काकांनी गिऱ्हाईक आणायचं कबूल केलं होतं, तुमचं काम त्यांच्याकडे वळवलं तर. प्लॉट जूनमध्ये गेला. मला हे काल कळलं. धाकटीच्या कपाळावरून माझा हात फिरला असं समजा. वहिनी.

२० नोव्हेंबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, सगळंच पोचलं. वहिनींना काही बोलू नका. तुमच्या घरात खरं बोलणारं एक माणूस आहे, ते राहू द्या.

देवाच्या मर्जीबद्दल तुम्ही लिहिलंत. मी रोज त्याच्यापुढे बसतो. दार कुठलं दाखवायचं हे विचारायला काकांनी फोन तुम्हाला केला होता, त्याला नाही. तुमच्या प्लॉटसाठी गिऱ्हाईकही त्यानं आणलं नाही. त्याचं नाव या व्यवहारात घालू नका.

अदलाबदल करायची नाही. समोरच्या घरात आता एक निवृत्त नर्सबाई राहायला आल्यात. एकट्या आहेत आणि जन्मभराचं सामान आत्ता कुठे लावून बसल्यात. धाकटी म्हणाली, की माझी सोय व्हावी म्हणून मी कोणाला उठवणार नाही. आपल्याला उठवलं तेव्हा कसं वाटलं ते आठवा.

परवाची गोष्ट लिहितो आणि थांबतो. मी शाळेत होतो. ही फडकं झटकायला जिन्यापाशी आली, ते हातातून पडलं, उचलायला वळली आणि तिची दिशा चुकली. नर्सबाई जिना पुसत होत्या, त्यांचं दार सताड उघडं होतं. ही त्यातून आत गेली. डावीकडे वळली. ओट्यापाशी गेली, खिडकीची कडी पहिल्याच झटक्यात काढली, नळ सोडून हात धुतले. नर्सबाई मागून बघत होत्या. त्या नंतर मला म्हणाल्या, की मला वाटलं नवी शेजारीण भलतीच मोकळी दिसते, न विचारता आत येते! तिला दिसत नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, दादा. जन्मभर रोगी सांभाळलेली बाई, आणि तिच्या ध्यानात आलं नाही.

मग ओट्यावर हिचा हात परक्या डब्यांना लागला आणि हिला कळलं. माफी मागितली. आणि विचारलं, की आलेच आहे तर निजायच्या खोलीपर्यंत एकदा जाऊन येऊ का? नर्सबाईंनी वाटेतली खुर्ची बाजूला केली. ही सरळ चालत गेली, मशीनच्या कोपऱ्यात हात फिरवला, सरळ परत आली. कुठे धक्का लागला नाही.

आणि आपल्या दारात येऊन उंबऱ्याला अडखळली. मी आलो तेव्हा मशीनपाशी बसली होती, मशीन बंद. डॉक्टरांकडे रडली नव्हती, नजर गेली त्या दिवशी रडली नव्हती. तेव्हा रडली.

समोरच्या घरात ती आंधळी नाही, दादा. आंधळी आहे ती स्वतःच्या घरात.

पुढच्या महिन्यात येऊ नका. तुम्ही मोठे, दारात आलात तर मी वाकून नमस्कार करीन, माझ्या अंगात तेच वळण आहे. पण घर कसं आहे असं तुम्ही विचाराल, आणि ती छान आहे म्हणेल. ते मला ऐकवणार नाही.

लोभ होता, आहे. कुठे ठेवलाय ते सध्या चाचपडून शोधावं लागतंय.

आपला,
धाकटा