आखूड दावं

२ मार्च

आण्णा हो म्हणाले! तीन वर्षं मागं लागलेले मी.

विरूपाक्षआण्णा आमच्या पूर-पथकाचे प्रमुख. कळंब्याच्या तलावावर बोट त्यांनीच शिकवली, पण पुरात बोट वळवायचा इंजिनाचा दांडा काही हातात दिला नाही. मी कायम पुढं, दोर धरून. आज म्हणाले, "संयोगिता, आदी एक दिवस समुद्रात एकटीनं बोट ने. ह्या बंदरातनं त्या बंदरात. नदीला काठ तरी असतोय. तिथं डोकं ठिकाणावर ऱ्हातंय का बघू. मग पुरात दांडा तुझा."

मला दांडा कशाला हवा ते त्यांना माहीत आहे. मागच्या पुरात चिखलीला माहेरी आई गच्चीवर होती. "म्हशी सोडून येत न्हाय," एवढंच म्हणत होती. दावी सोडली तर म्हशी वाहून जातील अशी तिला भीती. आण्णांनी दोनदा सांगितलं आणि बोट वळवली, पुढच्या गल्लीत बाळंतीण अडकली होती. त्यांचं चुकलं नाही. पण आईला तसं सोडून जाताना मी बोटीत बसून होते! दोन रात्री ती गच्चीवर. एक म्हैस दाव्यालाच बुडाली.

९ मार्च

नवऱ्याला सांगितलं. धैर्यशील म्हणाला, "समुद्रात बंद पडली तर फोन कुणाला करणार? मंगळवार पेठेतल्या गॅरेजला?" मग स्वतःच जीपला ट्रेलर जोडून बघत बसला. चेष्टा करतो, पण कामाला पुढं.

कागलला कंपनीत दोन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं – घरगुती.

१४ मार्च, देवगड

गगनबावड्याचा घाट पथकाची बोट मागं ओढत उतरलो. वळणावर ट्रकवाले काच खाली करून बघत होते. बंदरावर नोंद केली. उद्या सकाळी निघायचं. भाकरी आणि खर्डा बांधून घेतलाय.

१५ मार्च, मालवण

पोचले. एकटी!

सकाळी सातला देवगड सोडलं. धैर्यशील धक्क्यावर उभा होता, मग जीप घेऊन रस्त्यानं निघाला. किनारा डाव्या हाताला ठेवायचा, खडकांपासून लांब राहायचं, इंजिन अर्ध्यावर. तलावावर पाणी गप पडून असतं, इथं ते खालून उचलतं. हळूहळू कळलं, लाटेशी भांडायचं नाही. दांडा जरा सैल धरला की बोट आपली आपण वळण घेते.

आचऱ्याच्या खाडीबाहेर इंजिन बंद करून भाकरी खाल्ली. आजूबाजूला कोणी नाही. मोठ्यानं ओरडून बघितलं – "हाय का कोण?" – आणि एकटीच हसत बसले. एवढा आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता, हे धैर्यशीलला सांगणार नाही.

पावणेबाराला मालवणच्या जेट्टीला लागले. बोट बांधली, घट्ट, दोन गाठी. आण्णांना फोन. "पोचलो. सगळं ठीक." तिकडनं नुसतं "बरं." पण आवाज खूश होता.

आता खरं लिहिते. धैर्यशीलबरोबर जेवून तीन तासांनी एकटीच परत आले तर बोट लटकलेली! भरती उतरली होती, पाणी पुरुषभर खाली गेलेलं. बोटीचं तोंड वर दोराला टांगलेलं, मागचं टोक पाण्यात, इंजिन बुडायला आलेलं. मी गोठ्यात म्हैस बांधतात तसा आखूड दोर बांधला होता. आईची शिकवण – दावं आखूड ठेव, म्हणजे जनावर पाय अडकवून घेत नाही. पाणी खालीवर होतं हे घाटावरच्या माणसाच्या डोक्यात येतंय कुठलं!

जेट्टीवर जाळं दुरुस्त करणारी एक म्हातारी सगळं बघत होती. "गे बाय, ती काय म्हस आसा? दोरी सैल सोडूची, पाणी उतरता." गाठ ताणानं सुटेना. तिनंच सुरी दिली. दोर कापला. बोट धपकन खाली बसली, इंजिन वाचलं.

१६ मार्च, कोल्हापूर

आण्णा पथकाच्या वर्कशॉपमध्ये भेटले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "जिंकलीस की!" मग दोर बघितला. "ह्यो तुटला कसा?"

"खडकाला घासला," म्हणाले मी.

का म्हणाले? एवढी शाबासकी मिळालेली, तिला डाग नको होता. आईला फोन केला, तिलाही फक्त पोचल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय? एकटीनं?" दोनदा विचारलं.

५ एप्रिल

कंपनीत सगळ्यांनी फोटो बघितले. मी रुबाबात दाखवले. तो दोर मात्र डोक्यातनं जात नाही.

२४ जुलै

पाणी चढतंय. चिखलीचा रस्ता दुपारीच बंद. आण्णा म्हणाले, "उद्या पहिली फेरी चिखली. दांडा तुझा."

मग बोलून टाकलं. "आण्णा, दोर खडकानं तुटला न्हवता. मी आखूड बांधलेली, बोट लटकली, कापाय लागला." म्हटलं दांडा गेला आता.

आण्णा भडकले. "चार महिनं पोटात ठेवलीस? तिथं पाणी उतरतंय, हितं चढतंय. आखूड दोरानं बोट खाली वढली तर माणसं जातील. आपलं सगळं पथक म्हशीगतच बांधतंय, मी पन!" सगळ्यांना बोलावलं आणि मलाच पुढं उभं केलं. मी सगळ्यांसमोर मालवणची फजिती सांगितली. सगळे पोटभर हसले. मग प्रत्येकाकडनं सैल दोर बांधून घेतला.

दांडा माझ्याकडंच राहिला.

२५ जुलै

गच्चीच्या कठड्याला दोर सैल बांधला. आई पिशवी घेऊन तयार. मी म्हटलं, "म्हशी?"

"तू बोट चालीवतीस म्हणून कळलं. सकाळीच दावी सोडली, पवत जातील उंचावर," म्हणाली आणि माझा हात धरून बोटीत उतरली.