कंदिलाचा चौथरा

८ ऑक्टो., बुधवार
पारोळ्याच्या पुढे, नाल्यावरचा जुना पूल. सरपंच प्रमोद माझा जुना विद्यार्थी. पुलाच्या इतिहासाचा दगडी फलक लावायचा, मजकूर सरांनीच लिहायचा, असा त्याचा आग्रह. निवृत्तीनंतर इतका आनंद प्रथमच.
तीन कमानी, काळा दगड, चुन्याची दरज. मापे घेतली, प्रमोद सोबत. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. पूर्व टोकाला मात्र एक चौथरा, खांद्याइतका उंच, माथ्यावर रुंद सपाट दगड. प्रयोजन?
त्यावर गवताचा भारा ठेवलेला. शेजारी द्वारकाअक्का, गावातल्याच, सत्तरीच्या, घाम पुसत उभ्या. फोटोसाठी भारा हलवायला सांगितला. त्यांनी खाली घेतला. कमानीचा मधला दगड भार दोन्हीकडे कसा वाटून देतो, ते त्यांना वीस मिनिटे समजावले. ऐकून घेतले. भारा पुन्हा डोक्यावर द्यायला मी आणि प्रमोद, दोघे लागलो.

२ नोव्हें., रविवार
मजकूर पूर्ण. चौथऱ्याचे कोडे सुटले! रात्रीच्या गाड्यांना पुलाचे तोंड दिसावे म्हणून कंदील ठेवण्याची जागा. लेखी पुरावा नाही. परंतु उंची, रुंदी, टोकाचे स्थान, सर्व जुळते. आधी ‘असावी’ लिहिले होते. दगडावर शंका शोभत नाही, म्हणून ‘होती’ केले. फलकही त्याच चौथऱ्याच्या माथ्यावर उभा बसवावा, हे मीच सुचवले.

२३ नोव्हें., रविवार
अनावरण. ग्रॅनाइट, सिमेंटात पक्का. पाऊण तास बोललो, कंदिलावर विशेष. टाळ्या.
अक्का शेताकडून आल्या. भाषण संपेपर्यंत भारा डोक्यावर घेऊन कडेला उभ्या होत्या. मग पुढे येऊन म्हणाल्या, “सर, तुम्हीन बठ्ठं-सगळं लिखं. आते मी भारा कोठे उतारू?”
लोक हसले. मीही.
नंतर त्यांनी सांगितले. एकट्या बाईला भारा टेकवता यावा, दम खाऊन पुन्हा डोक्यावर घेता यावा, कोणाचा हात लागू नये, यासाठी तो दगड तेवढा उंच. सासूने दाखवला होता, लग्नाच्या वर्षी.
मापे घेतली त्या दिवशी भारा त्यावरच होता. मी तो हलवायला…

७ डिसें., रविवार
प्रमोदचा फोन. मिस्त्रीच्या मते फलक काढताना माथ्याचा जुना दगडही फुटेल, वाचेल याची हमी नाही. शेजारी नवा ओटा बांधला तर बैलगाडी निघत नाही. पलीकडच्या टोकाला जागा आहे. पण शेतांकडचा चढ इकडे संपतो, दम इथे लागतो. “सर, तुम्ही सांगशात तसं करू.”
चाळीस वर्षे मुलांना शिकवले: आधी विचारा, मग लिहा.

१४ डिसें., रविवार
घरून, पिंप्राळ्याहून, पहिल्या बसने निघालो. पुलावर उभा राहिलो. अक्का चढ चढून आल्या, फलकाकडे पाहिलेही नाही. भारा मी उतरवून घेतला. आम्ही दोघे कठड्यावर बसलो. निघताना भारा एकट्याने कसाबसा उचलून दिला.
डोक्यावर भारा नीट बसवत, हसून म्हणाल्या, “रोज येशात का, सर?”
प्रमोदला अद्याप काही कळवलेले नाही.