आधी पाणी

कामतघर, १२ जानेवारी

चि. सौ. वनितास आईचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोन लागत नाही म्हणून रुसली असशील. फोन पोलिसांनी नेला गं.

विकी कामाला आहे त्या कारखान्यातून सुताच्या रिळांचे कोन चोरीला गेले. मालकाने कामगारांची नावे दिली आणि पोलीस आपल्या दारात. तुझ्या बाबांचा शिरस्ता तुला ठाऊक आहे, आलेल्याला आधी पाणी, मग चौकशी. मी पाणी आणायला वळले, तोवर दोघे आत शिरून ट्रंक उपसत होते. का आलात, हे विचारायचे राहूनच गेले. कोन मिळाले नाहीत, तर बाबांचा फोन उचलला. आपल्याला कशाची भीती, म्हणून मी चार्जरही दिला. ह्यांच्या पश्चात त्यांचा आवाज तेवढा त्या फोनातच उरला होता, हे पोलीस गेल्यावर सुचले.

विकी धड जेवत नाही. भावावर माया आहेच, त्याला दोन ओळी लिही.

तुझी आई

गणेशपुरी, १८ जानेवारी

ती. आईस वनिताचा सविनय जय भीम.

पत्र वाचून जीव तुटला. चार्जर देणारी तूच एक, डबाही बांधून द्यायचास! आमचे हे वकिलांना भेटले. ते म्हणाले, आधी झडतीचा कागद मागायचा, शेजारचे दोन पंच बोलवायला लावायचे, नेलेल्या वस्तूची पावती घ्यायची. आपण अर्ज करतो आहोत. बाबा आम्हाला संविधान वाचायला बसवायचे, आम्ही परीक्षेपुरते वाचले.

रिया रोज विचारते, आजोबांचे ‘रियाबाय, उठा आता’ कधी ऐकायला मिळणार? विकीला सांभाळ. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी वनिता

कामतघर, २ मार्च

चि. सौ. वनितास अनेक आशीर्वाद.

कोन गोदामातच सापडले. विकीवरचा आळ गेला, पण मालक कामावर घेत नाही. अर्जामुळे फोन परत आला. विकीने चालू करून पाहिला, आत काही नाही, सगळे पुसलेले. रियाला तू सांग, माझ्याने होणार नाही.

फोन द्यायला एकटा शिपाई आला होता, भर उन्हात, घामाघूम. म्हणाला, मावशी, घोटभर पाणी द्या. मी उंबऱ्यावरच उभी राहिले आणि आधी कागद दाखवा म्हणाले. त्याने मुकाट्याने दाखवला. मी सही केली आणि दार लावून घेतले.

आत माठ भरलेला होता. ह्यांच्या दारातून तहानलेला माणूस परत गेला, वनिता. माझे चुकले का, ते ह्यांनाच विचारावेसे वाटते.

सवडीने येऊन जा.

तुझी आई